कोठी ते एडिंबरो : थांबलेल्या वर्षाचे मोल

कोठीच्या पुस्तकबाजारात इंटर्नशिप संपवलेले तरुण डॉक्टर पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची जाडजूड पुस्तके चाळताना नेहमी दिसतात. त्यांतील अनेकांचे पुढचे वर्ष, कधी दोन वर्षे, अभ्यासिकेच्या चार भिंतींआड जाणार असते. युरोपात ‘गॅप इयर’ म्हणजे शिक्षणाच्या दोन टप्प्यांमध्ये जाणीवपूर्वक काढलेला, काम करून वा परक्या शहरात राहून काही शिकण्याचा काळ. आपल्या घरांत मात्र याच गोष्टीला “वर्ष वाया गेले” असे म्हणण्याची पद्धत आहे. हे वर्ष खरोखरच वाया जाते का, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या कोठीच्याच वैद्यकीय इतिहासात दडलेले आहे.

आजचे उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे 1846 साली स्थापन झालेल्या हैदराबाद वैद्यकीय शाळेचे विस्तारित रूप. 1885 साली शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या कारकिर्दीत या शाळेत स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्या पहिल्या तुकडीत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी होती. 1889 साली तिने ‘हकीम’ ही पदवी मिळवली आणि भूल देण्याचे काम हेच आपले क्षेत्र मानले. जगातील अगदी आरंभीच्या स्त्री-भूलतज्ज्ञांत रूपाबाईंची गणना होते. रेसिडेन्सीचे इस्पितळ (आजचे सुलतान बाजार रुग्णालय), अफझलगंज इस्पितळ (आजच्या उस्मानिया रुग्णालयाचे पूर्वरूप) आणि व्हिक्टोरिया जनाना इस्पितळ ही त्यांची कार्यक्षेत्रे होती.

तो काळ क्लोरोफॉर्मविषयीच्या वादाचा होता. 1847 साली एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. परंतु भूल चढत असताना एखादा धडधाकट रुग्ण अचानक दगावे, त्याचे कारण उलगडत नसे. लॉरी हे एडिंबरोच्या जेम्स साइम यांच्या परंपरेतील. रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवले की क्लोरोफॉर्म निर्धोक आहे, नाडीकडे पाहत बसण्याचे कारण नाही, असे त्यांचे ठाम मत होते. ते सिद्ध करण्यासाठी 1888 आणि 1889 मध्ये हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी 1000 पौंड दिले आणि लंडनच्या ‘लॅन्सेट’ने डॉ. लॉडर ब्रंटन यांना येथे पाठविले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. श्वसन आधी थांबते, हृदय नंतर, असा निष्कर्ष निघाला आणि हैदराबादचे नाव जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत झळकले.

अशा विजयोत्सवी वातावरणात शिकलेल्या विद्यार्थिनीला आपल्या विद्येविषयी शंका घेण्याचे वरकरणी काही कारण नव्हते. तरीही वीस वर्षांचा अनुभव गाठीशी असताना 1909 साली रूपाबाई एडिंबरोला गेल्या. अफझलगंजचे इस्पितळ उद्ध्वस्त करणारा मुसीचा महापूर येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. भूलशास्त्राची स्वतंत्र पदविका त्या काळी कोठेच नव्हती. त्यांनी तेथील विद्यापीठात पदार्थविज्ञान आणि रसायन या विषयांची पदविका घेतली. ज्या शाखा वैद्यकीय विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकून विसरतो, त्यांच्याकडे एक अनुभवी डॉक्टर परत वळली, ही या कथेतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

या निवडीमागचे शास्त्र समजून घेतले पाहिजे. क्लोरोफॉर्म सुमारे 61 अंश सेल्सिअसला उकळते. साहजिकच त्याची वाफ किती वेगाने होते, हे खोलीच्या तापमानावर अवलंबून असते. एडिंबरोच्या थंडीत रुमालावर टाकलेले थेंब आणि हैदराबादच्या मे महिन्यात टाकलेले तेवढेच थेंब, यांतून रुग्णाच्या श्वासात जाणारी मात्रा सारखी नसते. ही मात्रा मोजून देता यावी म्हणून ऑक्सफर्डचे रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन हारकोर्ट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक उपकरण तयार केले. त्यातून हवेत 2 टक्क्यांहून अधिक वाफ मिसळत नसे. शिवाय प्रकाश व हवा यांच्या संपर्काने क्लोरोफॉर्मचे विघटन होऊन फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होतो. बाटली गडद रंगाची का असावी आणि त्यात किंचित अल्कोहोल का घालावे, याचे उत्तर रसायनशास्त्रच देते. भूल देणाऱ्याच्या हातातील कौशल्याला या ज्ञानाची जोड नसेल, तर अनुभव कितीही मोठा असला तरी तो अंदाजाच्या पुढे जात नाही.

पुढे 1911 साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलेत अॅड्रिनॅलिनचा मारा झाला, तर हृदयाच्या जवनिकांचे कंपन सुरू होऊन मृत्यू येऊ शकतो. म्हणजे हृदय आधी थांबू शकत होते. हैदराबादचा गाजलेला निष्कर्ष त्या मर्यादेत चुकीचा ठरला. आपल्या शहराचा हा पराभव लपविण्याची गरज नाही. ज्या संस्थेत आपण घडलो तिचे मत अंतिम नसते आणि ते पारखण्यासाठी कधी कधी तिच्यापासून दूर जावे लागते, हा धडा त्यातून मिळतो.

मराठी वाचकांना येथे डॉ. रखमाबाई आठवतील. बालविवाहाच्या गाजलेल्या खटल्यानंतर 1889 साली त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात गेल्या, 1894 साली ब्रसेल्सची एम. डी. घेऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. दोघींच्या परिस्थितीत मोठे अंतर होते. परंतु तेथे मिळवलेली विद्या दोघींनीही इथल्या रुग्णांच्या पदरात घातली.

आज असे वर्ष काढू इच्छिणाऱ्यांनी काही भेद स्पष्ट ठेवावेत. ‘ऑब्झर्व्हरशिप’मध्ये केवळ पाहता येते, रुग्णाला हात लावता येत नाही आणि वेतनही नसते. प्रत्यक्ष काम करावयाचे तर त्या देशाची नोंदणी अनिवार्य आहे. ब्रिटनमध्ये ‘मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह’ योजनेखाली कमाल दोन वर्षे सवेतन प्रशिक्षण घेऊन मायदेशी परतावयाचे असते. जर्मनीत तात्पुरत्या व्यवसाय-परवान्यासाठीही भाषेची तयारी लागते. सामान्य जर्मन बी-2 पातळीची आणि वैद्यकीय संभाषणाची परीक्षा सी-1 पातळीची, असा तेथील सर्वसाधारण दंडक आहे. भाषेचा हा अभ्यास येथूनच सुरू करावा लागतो. सार्वजनिक आरोग्यासारख्या विषयातील ब्रिटनमधील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एका वर्षात पूर्ण होतो. त्यात शस्त्रक्रियेचा सराव मिळत नाही, मात्र रोगाकडे समाजाच्या पातळीवर पाहण्याची दृष्टी मिळते. व्हिसा, शुल्क व पात्रता यांचे नियम वारंवार बदलतात. म्हणून मध्यस्थाच्या शब्दावर विसंबून न राहता मूळ संस्थेकडूनच खातरजमा करावी आणि परतल्यावर त्या पदविकेला येथे मान्यता आहे किंवा नाही, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे.

घरच्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. मुलगा वा मुलगी “एक वर्ष बाहेर जाऊन येतो” म्हणाली, की आपण प्रथम खर्चाचा आणि मग लग्नाच्या वयाचा हिशेब मांडतो. हे हिशेब खोटे नाहीत. कर्ज काढून, केवळ प्रतिष्ठेसाठी काढलेले वर्ष खरोखरच वाया जाऊ शकते. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा : “तिथे जाऊन तुला नेमके काय शिकायचे आहे, जे येथे शिकता येत नाही?” या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता आले, तर त्या वर्षाला आडकाठी करू नये. देता आले नाही, तर आणखी थोडे थांबण्यास सांगावे.

1909 साली कोठीतून निघालेल्या डॉक्टरीणबाईंनी घेतलेली पदविकाच त्यांचे उत्तर सांगते. ज्या औषधाच्या थेंबांवर रोज रुग्णाचे प्राण तोलले जात होते, त्याचे गुणधर्म त्यांना मुळापासून जाणून घ्यावयाचे होते.