छऱ्यांचा जमाखर्च

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका असतो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. त्यावर सुटणारा छर्रा 4.5 मिलिमीटरचा, वजनाला साधारण अर्धा ग्रॅम. डब्यात असतात पाचशे. दहा मुलांनी रोज साठ-साठ शॉट मारले, तर एक डबा दिवसभरही पुरत नाही. सामन्याच्या पात्रता फेरीत साठच शॉट असतात, तेव्हा सरावात यापेक्षा काटकसर करताही येत नाही.

नफ्यासाठी न चालणाऱ्या छोट्या नेमबाजी क्लबची ओढाताण इथून सुरू होते. फी मुलांच्या हजेरीवर, हॉलचं भाडं मात्र ठरलेलं. मार्चमध्ये परीक्षा आल्या की रेंज ओस पडते आणि मे महिन्याच्या शिबिरावर सगळी भिस्त राहते. टार्गेटमागच्या सापळ्यात साचलेलं शिसं भंगारात विकता येतं, पण सहाशे छऱ्यांचं शिसं भरतं तीनशे ग्रॅम.

खरी मेख रायफलीत आहे. वाल्थर किंवा फाइनवेर्कबाउसारखी जर्मन रायफल प्रत्येकाला परवडत नाही, म्हणून क्लबच्या रायफली मुलं पाळीपाळीनं वापरतात. त्यांतल्या हवेच्या सिलिंडरला उत्पादकांनी दहा वर्षांची मुदत घातलेली असते. रायफल ठणठणीत असो, वर्षभर कपाटात पडून असो, मुदत सरली की सिलिंडर बदलायचा. त्यासाठी पहिल्या वर्षापासून पैसे बाजूला काढायला हवेत. नेमका हाच खर्च रोजच्या छऱ्यांपुढे मागे पडतो.

50 मीटरच्या .22 काडतुसांना तर परवाना लागतो. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं त्याच अंतरावर 2024 साली पॅरिसमध्ये ऑलिम्पिक कांस्य मिळवलं. त्याच्यामागे 2009 पासून सरकारची क्रीडा प्रबोधिनी होती, 2015 पासून रेल्वेची नोकरी. छोट्या क्लबातल्या मुलामागे असतात आईवडील आणि क्लबचं पावतीपुस्तक. या मुलांतलं कुणी चमकलं की मोठ्या रेंजवर जातं, तसं जायलाच हवं. क्लबची मात्र एक फी कमी होते.

कायदा या क्लबांच्या बाजूनं आहे. खेळांचा प्रसार हा धर्मादाय हेतू असल्याचं प्राप्तिकराच्या 1984 च्या परिपत्रकानं मान्य केलं आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणावर कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआरचा पैसा खर्च करता येतो. तो मिळवायला क्लबला ऑडिट, प्राप्तिकराच्या 12ए आणि 80जी नोंदण्या आणि 2021 पासून सीएसआर-1 नोंदणी लागते. हे कागद जमवणारा माणूस बहुधा संध्याकाळी मुलांना शिकवणाराच असतो. कंपन्यांनी पदकविजेत्यांचे सत्कार जरूर करावेत, पण एखाद्या तालुक्याच्या रेंजचे वर्षभराचे छर्रे आणि दोन सिलिंडर यांचाही भार उचलावा.