सज्ज्यातील धूर आणि शेजाऱ्याचा श्वास

बडोदे शहराच्या पश्चिमेस, गोरवा आणि एलोरा पार्क यांच्या सान्निध्यात सुभानपुरा ही वसती आहे. कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये कार्यान्वित झाला, त्या परिसरात खत आणि पेट्रोरसायन उद्योगही उभे राहिले आणि शहराची पश्चिम बाजू नोकरदार कुटुंबांनी भरत गेली. गायकवाडी अमदानीपासून बडोद्यात स्थिरावलेली मराठी घराणी पूर्वी रावपुरा, दांडिया बाजार अशा जुन्या भागांत एकवटलेली असत. त्यांच्या पुढील पिढ्यांतील कित्येक कुटुंबे आज शहराच्या नव्या वसाहतींतील सदनिकांत राहतात. सदनिकेला अंगण नसते. त्याची उणीव सज्जा भरून काढतो. बोलीभाषेत जिला गॅलरी म्हणतात त्या या चिंचोळ्या जागेत तुळशीची कुंडी असते, दोरीवर कपडे वाळत असतात आणि जागा असल्यास गुजरातच्या रीतीप्रमाणे झोपाळाही टांगलेला असतो. रात्रीच्या जेवणानंतर घरातील धूम्रपान करणारा गृहस्थ सिगारेट शिलगावण्यासाठी येथेच येऊन उभा राहतो.

त्याचा हेतू बहुधा चांगला असतो. घरात धूर कोंडू नये, मुलांना त्रास होऊ नये, म्हणूनच तो बाहेर आलेला असतो. परंतु एका घराचे बाहेर ते वरच्या घराची खिडकी असते, ही गोष्ट त्याच्या ध्यानी येत नाही. वरच्या मजल्यावर दम्याचा रुग्ण असेल किंवा नुकतेच बाळंतपण झालेले असेल, तर त्या कुटुंबाला खिडकी लावून उकाड्यात बसावे की खिडकी उघडून धूर घ्यावा, यांतून निवड करावी लागते. बडोद्याचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ही निवड किती कठीण आहे हे सांगावयास नको. दिवसभर तापलेली घरे रात्री निववण्यासाठी दारे-खिडक्या सताड उघडल्या जातात, आणि नेमकी तीच वेळ जेवणोत्तर सिगारेटची असते.

आगीचे भय आधी, श्वासाची काळजी नंतर

तेलशुद्धीकरण कारखान्यात कामावर जाणाऱ्या कर्मचाऱ्याला आगपेटी आणि लायटर प्रवेशद्वारापाशीच सोडावे लागतात. पेट्रोलियमसंबंधीच्या नियमांनी अशा आवारात धूम्रपान करण्यास आणि आगपेटी बाळगण्यास मनाई केली आहे. या नियमावर कोणी हुज्जत घालीत नाही, कारण एका ठिणगीने काय होऊ शकते हे प्रत्येकाला उमगलेले असते. तोच कर्मचारी घरी आल्यावर सज्ज्यात नि:शंकपणे सिगारेट पेटवितो. कारखान्यांच्या धुराड्यांविषयी नागरिक तक्रारी करतात, सिगारेटचा धूर मात्र ज्याचा त्याचा खाजगी मामला मानला जातो, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

धूम्रपानावरील निर्बंधांचा मागोवा घेतल्यास असे दिसते की, पुष्कळ ठिकाणी ते प्रथम आगीच्या भयातून आले. इतरांच्या आरोग्याचा विचार त्यामागून आला. सज्ज्यापुरते बोलावयाचे तर याचे सर्वांत बोलके उदाहरण समुद्रपर्यटनाच्या जहाजांचे आहे. भूमीवरील सज्ज्याविषयी जो प्रश्न अजून अधांतरी आहे, तो जहाजावरील सज्ज्यापुरता जवळजवळ निकालात निघाला आहे. तो कसा निघाला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

एका जहाजाला लागलेली आग

पर्यटनाची मोठी जहाजे ही तरंगती उपाहारगृहे आणि निवासगृहेच होत. मुंबई बंदरातून २०२१ च्या सप्टेंबरमध्ये कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाच्या सफरी सुरू झाल्या आणि महाराष्ट्र व गुजरातमधील मध्यमवर्गीय कुटुंबांनाही हा प्रवास परिचित होऊ लागला. अशा जहाजांवर अधिक भाडे देणाऱ्या प्रवाशास समुद्राकडे उघडणारा स्वतंत्र सज्जा मिळतो. आपण पैसे मोजले, तेव्हा ही जागा आपली, येथे आपण काय वाटेल ते करू, अशी त्याची समजूत होणे स्वाभाविक आहे. परदेशांतील जहाज कंपन्याही अनेक वर्षे याच समजुतीने चालत आल्या होत्या. सज्जा म्हणजे उघडी जागा, तेव्हा तेथे सिगारेट ओढण्यास हरकत नाही, असा त्यांचा नियम होता.

२३ मार्च २००६ च्या पहाटे ‘स्टार प्रिन्सेस’ नावाचे जहाज कॅरिबियन समुद्रातून जमैकाकडे चालले होते. जहाजावर सुमारे २,७०० प्रवासी आणि अकराशेहून अधिक कर्मचारी होते. तीन वाजण्याच्या सुमारास एका सज्ज्यात आग लागली. वाऱ्याने ती पाहता पाहता वरच्या आणि बाजूच्या सज्ज्यांत पसरली. सज्ज्यांमधील आडपडदे प्लास्टिकच्या जातीचे, जमिनीवरील फरशीही ज्वालाग्राही आणि त्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या, अशी रचना असल्याने आगीला खाद्य विपुल मिळाले. आग आटोक्यात येईपर्यंत ७९ खोल्या भस्मसात झाल्या होत्या आणि आणखी दोनशेहून अधिक खोल्यांची हानी झाली होती. धुराने गुदमरून एका प्रवाशाचा मृत्यू झाला. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेच्या चौकशीत, फेकून दिलेले सिगारेटचे थोटूक हे आगीचे संभाव्य कारण म्हणून पुढे आले. थोटूक वरून समुद्रात टाकले, असे टाकणाऱ्याला वाटते. वारा ते वळवून खालच्या सज्ज्यात आणून सोडतो आणि तेथील टॉवेलवर किंवा गादीवर ते काही वेळ धुमसत राहते.

चौकशीत आणखी एक उणीव उघडकीस आली. जहाजाच्या अंतर्भागासाठी अग्निसुरक्षेचे कडक नियम होते, परंतु सज्जा हा ‘बाहेरचा भाग’ गणला गेल्याने त्याला ते नियम लागूच नव्हते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने सुरक्षाविषयक करारात दुरुस्ती केली आणि सज्ज्यांच्या अग्निसंरक्षणाचे नियम १ जुलै २००८ पासून अंमलात आले. कंपन्यांनीही धोरण बदलले. साधारणत: २०१२ ते २०१४ या काळात कित्येक मोठ्या कंपन्यांनी खोल्यांप्रमाणेच सज्ज्यांतही धूम्रपानास बंदी केली आणि खुल्या डेकचा ठराविक भाग त्यासाठी नेमून दिला. नियम मोडणाऱ्याच्या हिशेबात अडीचशे ते पाचशे डॉलर साफसफाईचा आकार लावण्याची पद्धतही काही कंपन्यांनी घातली आहे. सफरीस निघणाऱ्या कुटुंबांनी तिकिटासोबतची नियमावली आधीच वाचून घ्यावी, हे बरे.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आगीच्या निमित्ताने आलेल्या या नियमाचे स्वागत शेजारच्या सज्ज्यातील प्रवाशांनी वेगळ्याच कारणासाठी केले. जहाज पुढे धावत असते, त्यामुळे पुढच्या सज्ज्यातील धूर वाऱ्याबरोबर मागच्या सज्ज्यांतून फिरत जातो. आडपडद्यांच्या खाली-वर फट असते. समुद्राची मोकळी हवा घेण्यासाठी आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या सिगारेटची हवा घ्यावी लागे.

धूर जातो कोठे

उघड्यावर धूर विरून जातो, असा सार्वत्रिक समज आहे. तो अंशत: खरा आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत असे आढळले की, उघड्या जागेत धूम्रपान करणाऱ्यापासून सुमारे दोन मीटरच्या पलीकडे धुराचे प्रमाण पुष्कळ कमी होते आणि सिगारेट विझताच ते झपाट्याने उतरते. परंतु त्या दोन मीटरच्या आत ते बंद खोलीतल्या इतकेही वाढू शकते. सदनिकांचे सज्जे एकमेकांना खेटून असतात. शिवाय सज्जा ही धड उघडी जागा नव्हे. तिला तीन बाजूंनी भिंत वा कठडा आणि वर छत असते. ऊन धूर भिंतीच्या कडेने वर चढतो. वरच्या घरात स्वयंपाकघरातील हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असेल, तर तो दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेरची हवा आत ओढून घेतो आणि तिच्याबरोबर धूरही येतो. खोलीत शिरलेला धूर मात्र उघड्यावरल्यासारखा चटकन नाहीसा होत नाही. हिवाळ्यात पहाटे हवा स्तब्ध असते, तेव्हा तो अधिकच रेंगाळतो.

सिगारेटच्या जळत्या टोकापासून दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात निघणारा धूर कमी उष्णतेवर, अर्धवट ज्वलनातून तयार होतो. ओढणाऱ्याच्या फुप्फुसातून न जाता तो थेट हवेत मिसळतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये असून त्यांतील सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. जपानमधील तकेशी हिरायामा यांनी ९१ हजारांहून अधिक स्त्रियांची चौदा वर्षे पाहणी करून १९८१ मध्ये दाखवून दिले की, स्वत: कधीही धूम्रपान न करणाऱ्या, परंतु ज्यांचे पती फार धूम्रपान करीत अशा स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक होते. प्रारंभी या निष्कर्षांवर पुष्कळ टीका झाली; पुढील संशोधनाने मात्र त्यांना बळकटीच दिली. बालके मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात, त्यामुळे त्यांच्या शरीरात धूर अधिक जातो. दमा, न्यूमोनिया आणि कानाचे विकार त्यांच्यात वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दुसऱ्याच्या धुरामुळे जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडतात. भारतात २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांना घरात अशा धुराला तोंड द्यावे लागत असल्याचे दिसून आले. २००९-१० मध्ये हेच प्रमाण ५२.३ टक्के होते.

कायदा कोठपर्यंत पोहोचतो

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध गोव्याने १९९७ मध्येच स्वतंत्र कायदा केला. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये असे धूम्रपान सार्वजनिक उपद्रवात मोडते असा निर्णय दिला. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये आणि वाहने येथील धूम्रपानास देशभर मनाई केली. पुढे २००३ चा सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियम आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याखालील सुधारित नियम अंमलात आले. महाराष्ट्र असो वा गुजरात, हा केंद्रीय कायदा दोन्हीकडे सारखाच लागू आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड होतो. तेथे किमान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर आकाराचा मनाईफलक लावणे, तसेच रक्षापात्र, आगपेटी इत्यादी वस्तू न पुरविणे ही जागेच्या प्रभारी व्यक्तीची जबाबदारी आहे. शिक्षकांनी हे लक्षात ठेवावे की, शाळेच्या आवारात दंड वसूल करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना देण्यात आला आहे.

परंतु हा कायदा घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. खाजगी सदनिका आणि तिचा सज्जा यांचा सार्वजनिक ठिकाणांच्या व्याख्येत समावेश नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये आसपास राहणाऱ्या लोकांना होणाऱ्या उपद्रवाची व्याख्या आहे, तथापि एका शेजाऱ्याच्या एका सिगारेटसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढणे व्यवहार्यही नाही आणि शहाणपणाचेही नाही. त्यातून धूर थांबत नाही, बोलणे मात्र थांबते.

ही पोकळी भरून काढण्याचे साधन गृहनिर्माण संस्थांच्या हाती आहे. सभासदाने आपल्या सदनिकेत इतर सभासदांना उपद्रव वा गैरसोय होईल असे काही करू नये, असे कलम महाराष्ट्रातील संस्थांच्या आदर्श उपविधींत आहेच. गुजरातमधील संस्थांनाही १९६१ च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदविलेले उपविधी असतात. त्या आधारे सर्वसाधारण सभेत ठराव करून जिना, उद्वाहन, वाहनतळ व गच्ची येथे धूम्रपान करू नये, सज्ज्यातून थोटके खाली टाकू नयेत आणि सज्ज्यात धूम्रपान टाळावे, असे ठरविता येते. ठराव एखाद्या व्यक्तीवर रोख ठेवून केलेला नसावा. संस्थेतील ज्येष्ठांनी एकदा घरी जाऊन ‘काका, वरच्या मजल्यावर लहान बाळ आहे’ एवढेच सांगितले, तरी पुष्कळदा ठरावाची वेळ येत नाही.

ग्रामीण भागातील वाचकांना हा शहरी प्रश्न वाटेल. तेथे सज्जा नसला तरी ओसरी आहे, आणि सिगारेटच्या जागी विडी आहे. बडोद्याहून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेला आणंदचा चरोतर प्रदेश विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. मराठी सीमाभागात निपाणीची बाजारपेठही याच पिकावर वाढली. ओसरीवर आजोबा विडी ओढीत बसतात आणि आतल्या दाराशी पाळणा टांगलेला असतो, हे दृश्य अनेक घरांत दिसते. विडी सौम्य असते हा समज निराधार आहे, आणि ओसरी व पाळणा यांतील अंतर बहुधा दोन मीटरांहून कमीच असते.

ज्यांना व्यसन सोडावयाचे आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर केंद्र शासनाची नि:शुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. ज्यांची तूर्त तशी तयारी नाही त्यांच्यासाठी संस्थांनी जहाजांचीच रीत उचलावी, म्हणजे केवळ मनाई न करता जागाही नेमून द्यावी. इमारतीच्या आवारात खिडक्यांपासून आणि वाहनांपासून दूर, उघड्या आकाशाखाली एक कोपरा निश्चित करून तेथे वाळूने भरलेली बादली ठेवावी. बादली लोखंडी असावी, प्लास्टिकची नको.