परदेशातून फोन आला तर…

मागच्या वर्षी एका रात्री सौंसरच्या घरी अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. "मामाजी, नोकरी गेली. आता मला डिपोर्ट करतील काय?"

घरात कोणाला झोप लागली नाही. 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला उतरलेले अमेरिकेचे लष्करी विमान आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले होते. त्यातल्या 104 भारतीयांत तिघे महाराष्ट्रातले होते.

मी वकील नाही. पण त्या निमित्ताने वाचले, जाणकारांना विचारले. ते तुम्हा मुलांसाठी लिहितो.

एच-1बी व्हिसावर नोकरी गेली, तर साधारणपणे 60 दिवसांपर्यंत मुदत मिळते; आय-94ची तारीख त्याआधी संपत असेल, तर तोपर्यंतच. तेवढ्यात नवी कंपनी अर्ज करू शकते, नाहीतर आपण परत येऊ शकतो. बेकायदा 180 दिवसांहून जास्त राहून निघाले, तर 3 वर्षे आणि वर्षभर किंवा अधिक राहिले, तर 10 वर्षे परत प्रवेश मिळत नाही.

प्रकरण इमिग्रेशन कोर्टात गेले, तर 'नोटीस टू अपिअर' येते. पेशी चुकवू नका. गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश निघू शकतो. वकील करता येतो, पण खर्च आपला. मायदेशी धर्म, वंश, राजकीय मत अशा कारणांनी छळाची भीती असेल, तर आश्रय मागता येतो. अर्ज सहसा अमेरिकेत आल्यापासून एका वर्षात करावा लागतो. पात्र असाल तर स्वखुशीने परत जाण्याची परवानगीही मागता येते. दिलेल्या मुदतीत निघालात, तर हद्दपारीचा शिक्का लागत नाही.

एप्रिल 2025 मध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या 'सेव्हिस' नोंदी अचानक बंद झाल्या. मिशिगनमध्ये भारत, नेपाळ आणि चीनचे चार विद्यार्थी कोर्टात गेले. इतर राज्यांतही दावे झाले. 25 एप्रिलला सरकारने नोंदी पुन्हा सुरू करत असल्याचे कोर्टात सांगितले.

आमच्या भाच्याने फोन केला, तेव्हा 41 दिवस उलटून गेले होते. "गावात काय सांगू?" या लाजेपोटी तो गप्प राहिला. नवी नोकरी शोधायला वेळच उरला नाही. 58व्या दिवशी तो परत निघाला. आज पुण्यात कामाला आहे आणि व्हिसाची नोंद स्वच्छ आहे.

पासपोर्ट, व्हिसा, आय-94च्या प्रती घरी ठेवा. न वाचता कुठेही सही करू नका. आणि पहिल्याच दिवशी घरी फोन करा. रागावू, पण सोबत राहू.