जुन्या पेटीत नवी साठवण

कमोडोर कंपनीने 1992 साली अमिगा 1200 हा घरगुती संगणक बाजारात आणला. कीबोर्डखालीच सगळा संगणक, उजव्या कडेला फ्लॉपीची खाच. आज मदरबोर्ड अनेकदा अजून ठणठणीत असतो. दगा देतात ते फिरणारे भाग. हार्ड डिस्कचे बेअरिंग झिजते, फ्लॉपीवरचा चुंबकीय थर सुटू लागतो.

हार्ड डिस्कचा प्रश्न सोपा आहे. या संगणकात 44 पिनांची आयडीई जोडणी मुळातच आहे आणि कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाला हीच भाषा येते. त्यामुळे मधल्या अडॅप्टरला जवळपास नुसत्या ताराच जोडाव्या लागतात. मात्र जुनी प्रणाली 4 जीबीपलीकडचे पत्ते मोजू शकत नाही. त्यापुढे लिहायला गेले की आकडा पुन्हा शून्यावर येतो आणि कार्डाच्या सुरुवातीचा मजकूर पुसला जातो. म्हणून छोटे कार्डच बरे.

फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारे गोटेक हे उपकरण मात्र खरे कलाकार! संगणक जुन्या सवयीने ‘पुढच्या ट्रॅकवर सरक’ असा इशारा देतो. सरकायला तिथे काहीच नसते. आतली चिप पेनड्राइव्हवरच्या फाइलमधून तो ट्रॅक उचलते आणि खऱ्या फ्लॉपीच्याच वेगाने, दर 2 मायक्रोसेकंदाला एक बिट, असे स्पंद पाठवते. 80 ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येकी 11 सेक्टर: 880 केबीची अख्खी फ्लॉपी. संगणकाला फरक कळत नाही.

अडचण येते ती पेटीची. गोटेकचे बटण आणि यूएसबीचे तोंड मूळ खाचेशी जुळत नाही. काहीजण सरळ प्लॅस्टिक कापतात. हे टाळावे. थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली पट्टी लावली की काम होते, आणि मूळ ड्राइव्ह परत बसवायची वाटही मोकळी राहते.