एकाच प्रोसेसरवर कोसळणारा प्रोग्रॅम

आज एक छोटासा प्रोग्रॅम घेऊया. सी भाषेतला. फाइलमधून एकेक बाइट वाचायचा, ४०९६ बाइटच्या अ‍ॅरेत ठेवायचा, फाइल संपली की थांबायचं. फाइल अगदी लहान आहे. इंटेलच्या लॅपटॉपवर, लिनक्समध्ये, तो बिनतक्रार चालतो. तोच सोर्स कोड रास्पबेरी पायवर, म्हणजे एआरएम प्रोसेसरवर, कंपाइल करून चालवला की सेगमेंटेशन फॉल्ट!

पहिला संशय साहजिकच नव्या मशीनवर जातो. पण आधी डीबगरला विचारू. जीडीबी सांगतो, अ‍ॅरेचा इंडेक्स ४०९६ च्या कितीतरी पुढे गेलाय. म्हणजे लूप थांबलेलंच नाही. आता वाचलेल्या बाइटचं व्हेरिएबल बघा. त्यात २५५ आहे. लॅपटॉपवर फाइल संपल्यावर तेच व्हेरिएबल पाहिलं, तर तिथे उणे १ दिसतो.

गंमत अशी, की दोन्हीकडे आतले बिट एकच आहेत. आठही बिट १. फरक आहे तो वाचण्यात. ‘गेटकॅर’ हे फंक्शन फाइल संपली की ईओएफ परत करतं, आणि त्याची किंमत इथे उणे १ असते. आपण ती ‘कॅर’ प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली. कॅर चिन्हासहित धरायचा की चिन्हाविना, हे सी भाषेच्या मानकाने मोकळं सोडलंय. लिनक्समध्ये इंटेलवर तो चिन्हासहित, उणे १२८ ते १२७. एआरएमवर चिन्हाविना, ० ते २५५. मग २५५ आणि उणे १ यांची बरोबरी कधी होणार? कधीच नाही. लूप लिहीत सुटतं, आणि मेमरीची हद्द ओलांडली की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅम बंद करते.

हे सिद्ध करायला रास्पबेरी पाय लागतही नाही. जीसीसीला ‘-एफअनसाइन्ड-कॅर’ हा पर्याय द्या, लॅपटॉपवरही लूप थांबणार नाही. जोडीला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावलात, तर चुकीची ओळ तो नेमकी दाखवेल.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग उलटा पर्याय, ‘-एफसाइन्ड-कॅर’, एआरएमवर लावला की काम झालं ना?)

कोसळणं थांबेल, चूक राहील. लॅपटॉपवर याच प्रोग्रॅमला जेपीईजी फोटो द्या. जेपीईजीचा पहिलाच बाइट २५५ असतो. प्रोग्रॅमला वाटेल फाइल संपली, आणि एकही बाइट न घेता तो गुपचूप बाहेर पडेल. आपल्या मराठी मजकुराच्या यूटीएफ-८ फाइलींत २५५ हा बाइट कधीच येत नाही, म्हणून लॅपटॉपवरची चूक दिसलीच नव्हती. म्हणजे प्रोग्रॅम दोन्हीकडे चुकीचाच होता. एकाने आरडाओरडा केला, दुसऱ्याने डेटा गिळला. यातलं जास्त धोकादायक कोणतं, तुम्हीच ठरवा.

आणि हा दोष सिलिकॉनचाही नव्हे. अ‍ॅपलच्या एआरएम मॅकवर कॅर चिन्हासहितच असतो. हा प्लॅटफॉर्मचा करार आहे, चिपचा स्वभाव नाही.

खरी दुरुस्ती दोन ओळींची. गेटकॅरचं उत्तर ‘इंट’मध्ये घ्या, कारण ते फंक्शन इंटच परत करतं, तिथे २५५ आणि उणे १ वेगळे राहतात. आणि इंडेक्स ४०९६ च्या आत आहे ना, हे लिहिण्याआधी तपासा. मग दोन्ही मशीनवर तीच फाइल, तोच फोटो चालवून बघा. प्रोग्रॅम एकाच ठिकाणी कोसळत असेल, तर ‘इथे काय बिघडलं’ एवढ्यावर थांबू नका. ‘बाकी ठिकाणी हा कशाच्या जिवावर चालतोय’ हेही विचारा.