गुणफलकापलीकडील संघ
मुलींच्या बास्केटबॉल संघाची पारख कशी करावी?

बास्केटबॉलचा सामना संपला की सर्वांची नजर गुणफलकाकडे वळते आणि सर्वाधिक गुण नोंदविणाऱ्या मुलीचे कौतुक होते. ते योग्यच आहे. परंतु सोळा किंवा अठरा वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय संघाची पारख केवळ गुणसंख्येवरून होत नाही. या वयातील विजय पुष्कळदा एखाद्या उंच खेळाडूच्या बळावर मिळतो. पुढे प्रतिस्पर्धीही तितकेच उंच भेटले म्हणजे कौशल्याची उणीव उघडी पडते.

भारतीय महिला संघांच्या दृष्टीने २०१७ हे वर्ष संस्मरणीय ठरले. त्या वर्षी बंगळूर येथे सोळा वर्षांखालील मुलींनी आशियाई स्पर्धेच्या ‘ब’ विभागाचे विजेतेपद पटकावून ‘अ’ विभागात प्रवेश मिळविला. त्याच शहरात वरिष्ठ महिला संघाने आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानवर ७५-७३ अशी मात केली. पुण्याच्या शिरीन लिमये या संघात होत्या. दोन गुणांचे अंतर म्हणजे केवळ एक बास्केट. एखादा चुकलेला पासही अशा सामन्याचा निकाल फिरवू शकतो.

म्हणूनच परीक्षणाचा आरंभ मूलभूत कौशल्यांपासून होतो. खेळाडू दोन्ही हातांनी, चेंडूकडे न पाहता ड्रिबल करते काय? धावताना तोल सांभाळून थांबते आणि पिव्होट घेते काय? सहकारिणीच्या हाती नेमका पास देते काय? फलकापासून ४.६० मीटरवरून घेतल्या जाणाऱ्या फ्री थ्रोच्या वेळी कोणी अडविणारे नसते. त्यामुळे खेळाडूच्या नेमबाजीची ती स्वच्छ कसोटी ठरते.

यानंतर सांघिक खेळाचा विचार येतो. चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत बास्केटकडे फेक करावी लागते. एवढ्या अवधीत एकटीने धडपडण्यापेक्षा पास देऊन लगेच मोकळी जागा गाठणारी, स्क्रीन उभारून सहकारिणीला वाट करून देणारी मुलगी संघाला अधिक उपयोगी पडते. बचावात मागे धावत येणे, एकमेकींना हाक देऊन सावध करणे आणि रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला अडवून धरणे या कामांना गुण नसतात; पण त्यांवाचून सामना जिंकता येत नाही.

या गुणांची पेरणी शाळेच्या मैदानावर व्हावयास हवी. महिलांसाठी सहा क्रमांकाचा चेंडू ठरलेला आहे. पुरुषांचा सात क्रमांकाचा चेंडू त्याहून मोठा व जड असतो. मुलींना तोच दिला तर फेक कडीपर्यंत पोहोचविण्यासाठी त्या खांद्याला झटका देतात आणि ही सवय पुढे सुटणे कठीण होते. बारा वर्षांखालील मुलामुलींसाठी मिनी बास्केटबॉलमध्ये कडीची उंचीही ३.०५ ऐवजी २.६० मीटर ठेवली जाते. योग्य चेंडूची खरेदी ही पंचायतीच्या किंवा शाळेच्या आवाक्यातील बाब आहे.

शिक्षकांनी एक साधी वही ठेवावी. तीत गुणांबरोबरच यशस्वी पास, हातून गेलेले चेंडू, मिळविलेले रिबाउंड आणि उभारलेल्या स्क्रीन यांची नोंद करावी. निवडीच्या दिवशी ही वही समोर असेल तर एकही बास्केट न करता चार बास्केट घडवून आणणारी मुलगी नजरेतून सुटणार नाही.