सेगमेंटेशन फॉल्ट आला? घाबरू नका, तो आला नाही तर घाबरा

नांदेडला विद्यापीठात किंवा लातूरच्या उपकेंद्रात पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न असतो. "सरांनी जुना फोर्ट्रान प्रोग्रॅम दिलाय. कंपाइल होतो, पण चालवला की 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणून मरतो. आता काय करू?" आजचा लेख त्यावरच आहे. उदाहरण मात्र आपल्याच मातीतलं घेऊ, म्हणजे लातूर-नांदेडच्या पावसाचं.

आधी डेटा समजून घ्या. पुण्याच्या हवामान खात्याकडून भारताचा रोजचा पाऊस चौकटींमध्ये मिळतो. प्रत्येक चौकट पाव अंशाची. पश्चिमेकडून पूर्वेकडे १३५ बिंदू (६६.५ ते १०० पूर्व रेखांश), दक्षिणेकडून उत्तरेकडे १२९ बिंदू (६.५ ते ३८.५ उत्तर अक्षांश). म्हणजे एका दिवसाचे १७,४१५ आकडे. प्रत्येक आकडा ४ बाइटचा, म्हणून एक दिवस ६९,६६० बाइट. समुद्रावर आणि जिथे आकडा नाही तिथे उणे ९९९ भरलेलं असतं. एका वर्षाची एक बायनरी फाइल.

मी सुरुवातीला या फाइलसाठी १३५ गुणिले १२९ गुणिले ३६५ असा अ‍ॅरे घेतला. २०१५ चं वर्ष छान चाललं. मग २०१६ घेतलं. हे वर्ष आपल्याकडे कोण विसरेल? एप्रिलमध्ये मिरजहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. माझ्या कामात हे वर्ष सर्वात महत्त्वाचं, आणि प्रोग्रॅम नेमका तिथेच मेला. तोही लॅबच्या संगणकावर. माझ्या लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालला आणि म्हणाला, लातूरचा वर्षाचा पाऊस उणे ९९९ मिलिमीटर!

कारण एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. २०१६ हे लीप वर्ष. दिवस ३६६, जागा ३६५ ची.

पण मग एकीकडे मेला, दुसरीकडे चालला, असं का?

शेताचं उदाहरण घ्या. ऑपरेटिंग सिस्टिम तुमच्या प्रोग्रॅमला मेमरीचा एक तुकडा देते, ते तुमचं शेत. त्यात तुम्ही बांध घालून वेगवेगळे अ‍ॅरे पेरता. आता नांगर एका वाफ्यातून बांध ओलांडून तुमच्याच दुसऱ्या वाफ्यात गेला, तर कोणी ओरडत नाही. शेत तुमचंच आहे. फक्त तिथलं उभं पीक मोडतं. नांगर शेताची हद्दच ओलांडून गेला, की मात्र राखणदार धरतो. हे धरणं म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट.

लॅबमध्ये ३६६ वा दिवस हद्दीबाहेर पडला, म्हणून प्रोग्रॅम थांबला. लॅपटॉपवर तो शेजारच्या अ‍ॅरेवर पडला, आणि त्या अ‍ॅरेत मी जिल्ह्यांच्या बेरजा ठेवल्या होत्या. डेटाची सुरुवात नैऋत्य कोपऱ्यातून, म्हणजे समुद्रातून होते, म्हणून बेरजांच्या जागी उणे ९९९ येऊन बसलं. हे माझं नशीब. त्या जागी जमिनीवरचा ३१ डिसेंबरचा कोरडा शून्य येऊन बसला असता, तर दुष्काळी वर्षात शून्य बघून मी कदाचित मानही डोलावली असती.

आता शोधायचं कसं? या क्रमाने जा

(आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलवर त्या इंग्रजीत टाइप करायच्या.)

१. जागोजागी प्रिंट घालत बसू नका. सगळे तेच करतात, मीही केलं. पण प्रिंट घातल्याने मेमरीची मांडणी बदलू शकते आणि चूक लपून बसते. शिवाय छापलेला मजकूर काही वेळा बफरमध्येच अडकतो. मग पडद्यावर दिसलेली शेवटची ओळ म्हणजे प्रोग्रॅम मेला ती जागा, असं समजून आपण भलतीकडेच शोधत राहतो.

२. तपासणी चालू करून पुन्हा कंपाइल करा. जीफोर्ट्रान असेल तर '-जी -ओ० -वॉल -एफचेक=ऑल -एफबॅकट्रेस'. यातला एफचेक प्रत्येक बांधावर माणूस उभा करतो. माझ्या बाबतीत त्याने एका ओळीत सांगितलं की रेन या अ‍ॅरेच्या तिसऱ्या मितीत ३६६ हा निर्देशांक ३६५ या वरच्या मर्यादेपलीकडे गेलाय, अमुक ओळीवर. दोन दिवसांची शोधाशोध दोन मिनिटांत संपली. प्रोग्रॅम याने हळू होतो, म्हणून तपासणी छोट्या डेटावर करा.

३. सबरूटीनमध्ये शिरताक्षणीच मरत असेल, तर स्टॅक बघा. वर्षाचा अ‍ॅरे सुमारे २५४ लाख बाइटचा, म्हणजे साधारण २४ एमबी. लिनक्सवर स्टॅकची मर्यादा बहुतेक वेळा ८ एमबी असते. 'यूलिमिट -एस' लिहिलं की ८१९२ दिसेल, ते केबीमध्ये. जीफोर्ट्रान एवढा मोठा अ‍ॅरे एरवी स्टॅकवर ठेवत नाही. पण तुम्ही '-एफओपनएमपी' लावलं, की सबरूटीनमधले स्थानिक अ‍ॅरे स्टॅकवर जातात. '-ओफास्ट' लावलं, की ज्यांचा आकार चालवताना ठरतो ते अ‍ॅरे स्टॅकवर जातात. इंटेलचा कंपायलर असे अ‍ॅरे मुळातच स्टॅकवर ठेवतो. "काल चालत होता, आज फक्त वेगाचा पर्याय लावला आणि मेला" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. मर्यादा वाढवणं ही मलमपट्टी झाली. खरा उपाय म्हणजे अ‍ॅरे अ‍ॅलोकेटेबल करा आणि आकार ठरल्यावर जागा मागा.

४. एफचेकला न दिसणाऱ्या चुका. जुन्या प्रोग्रॅममध्ये सबरूटीन वेगळ्या फाइलमध्ये असतं आणि अ‍ॅरेचा आकार नुसता तारा टाकून लिहिलेला असतो. तिथे वरची मर्यादा किती हे कंपायलरलाच माहीत नसतं, मग तपासणार काय? तसंच, पाठवणारा ४ बाइटचे आकडे पाठवतो आणि घेणारा ८ बाइटचे समजून लिहितो, मग नांगर दुप्पट लांब जातो. यावर औषध एकच: सबरूटीन मॉड्यूलमध्ये टाका आणि अ‍ॅरेचा आकार दोन बिंदूंनी (:) लिहा. मग आकडे जुळत नसतील तर कंपायलर तिथेच अडवतो. आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर 'इम्प्लिसिट नन' हवंच. ते नसेल तर नावातली टायपिंगची चूक कंपायलर नवीन चल समजून निमूट स्वीकारतो, आणि त्यात काय आकडा पडलेला असेल ते देवालाच ठाऊक.

५. तरी सापडलं नाही तर '-एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस' लावून कंपाइल करा, किंवा प्रोग्रॅम वॅलग्राइंडखाली चालवा. दोन्ही एकदम वापरू नका.

आणि जी चूक यांपैकी कोणालाच सापडत नाही

लातूरच्या जवळचा बिंदू ७६.५ पूर्व, १८.५ उत्तर. रेखांशाचा क्रमांक: ७६.५ वजा ६६.५, भागिले ०.२५, अधिक १, म्हणजे ४१. अक्षांशाचा त्याच रीतीने ४९. नांदेडसाठी ७७.२५ आणि १९.२५ घेतलं की ४४ आणि ५२. या फाइलमध्ये रेखांश आधी, म्हणून लातूर म्हणजे (४१, ४९).

आपल्याला मात्र "अक्षांश-रेखांश" म्हणायची सवय. तुम्ही (४९, ४१) लिहिलंत तर? दोन्ही क्रमांक मर्यादेत आहेत. एफचेक गप्प, वॅलग्राइंड गप्प, राखणदारही गप्प. उत्तर येईल ७८.५ पूर्व, १६.५ उत्तर इथलं, म्हणजे तेलंगणातल्या नागरकर्नूलच्या आसपासचं. आकडा पावसासारखाच दिसेल. तुम्ही तो आलेखात टाकाल, त्यावर प्रकरण लिहाल, आणि लातूरच्या दुष्काळाचा निष्कर्ष दुसऱ्याच राज्यातल्या पावसावरून काढाल.

असंच ३६६ चंही आहे. क्रॅश थांबावा म्हणून मी आधी लूप ३६५ वरच तोडला होता. प्रोग्रॅम गुपचूप चालला. पण साध्या वर्षात १ जून हा १५२ वा दिवस असतो, लीप वर्षात १५३ वा. माझ्या जून ते सप्टेंबरच्या बेरजेत ३१ मे आला आणि ३० सप्टेंबर गेला. म्हणजे क्रॅश गेला, पण चूक राहिलीच. आता मी दिवसांची संख्या वर्षावरून काढते आणि अ‍ॅरे तेवढाच मागते.

म्हणून तीन सवयी आत्तापासून लावून घ्या. वाचण्याआधी फाइलचा आकार बघा: साध्या वर्षाची २,५४,२५,९०० बाइट, लीप वर्षाची २,५४,९५,५६०. वेगळं काही दिसलं तर पुढे जाऊच नका. निर्देशांक काढला की त्यावरून उलटा अक्षांश-रेखांश काढून छापा आणि नकाशावर बोट ठेवून बघा. आणि एका ठिकाणचा, एका महिन्याचा आकडा हाताने किंवा दुसऱ्या भाषेत काढून ताडून पाहा.

व्हायवाला कोणी विचारणार नाही की तुमचा प्रोग्रॅम किती वेळा मेला. "हा आकडा लातूरचाच कशावरून?" हे मात्र विचारू शकतात. त्याचं उत्तर प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवा.

पुढच्या लेखात हाच डेटा नेटसीडीएफमधून वाचू. तोवर २०१६ ची फाइल घ्या, मुद्दाम ३६५ चा अ‍ॅरे करा आणि तुमच्या संगणकावर काय होतं ते बघा. मेला तर बरं. नाही मेला, तर शेजारच्या वाफ्यातलं काय मोडलं ते शोधा.